गोमटेशकडचा गूळ

कसबा बावडा,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

सौ. हौसास तानाआक्काचा आशीर्वाद. घेणार असशील तर घे.

आन् न्हाय, तो बोर्ड मी फोटूसाठी लावलेला न्हाय. सम्राटनं आईचं कौतुक म्हणून फोटू सगळ्या पावण्यारावळ्यात पाठवलाय, तवा तुझ्या लेकीच्या, संयोगिताच्या मोबाईलवर तूबी बघितला असशील. पांढऱ्या पत्र्यावर हिरवी अक्षरं, 'या चुलवाणात फक्त चिपाड जळतं', आन् शेजारी मी उन्हात डोळं बारीक करून उभी. गळ्यातला हार कॉलेजच्या पोरांनी घातला. फोटू झाल्यावर म्हशीफुडं टाकला, तिनंबी हुंगून सोडला. आक्काला म्हातारपणी पुढारपण सुचलं असं तुला वाटलं असंल. तू इचारलं न्हाईस, खरं मी सांगून टाकलं.

बाकी हितं बरं हाय. म्हस व्याली, रेडकू झालं. गुऱ्हाळ दसरा झाल्यावर पेटलं. नदीकडच्या वावरात डुकरं शिरत्यात. तुझ्या परसातल्या पेरूची फांदी मोडली. वाऱ्यानं. मी न्हाय मोडली.

नात बोलाय लागली म्हणं. मी फोन करते तवा संयोगिता तिच्या कानाला लावती, ती 'आज्जी' म्हणती, आन् मागनं तुझ्या नवऱ्याच्या, बाळासोंच्या खोकण्याचा आवाज येतोय. मग मी 'बरं बरं, ठेवते' म्हणते. तू तर फोनला हातच लावत न्हाईस. दोन वर्षं झाली. म्हणून पत्र. चौथीपतोरची शाळा माझी, एक पान लिवायला दुपार गेली, तवा चुका काढत बसू नको.

परवा संयोगिता म्हणली, तू अजून रोज सांजेला बाळासोंच्या खिशात हात घालून बिड्या हुडकतीस. तोंडाचा वास घेतीस. आन् नातीला त्यांच्या मांडीवर बसू देत न्हाईस, बिडीवाल्याच्या छातीचा रोग लागंल पोरीला म्हणून. ते लांब सोप्यात बसत्यात आन् पोरगी हिकडनं त्यास्नी हात करती. मला त्यावर बोलायचं हाय. खरं आधी बोर्डाचं सांगते, म्हंजे बाकीचं आपोआप येतंय.

आदिती मॅडम म्हणून एक हाय, कॉलेजात शिकवती. तिशीतली असंल, स्कूटीवरनं येती. गणपती झाल्यावर गुऱ्हाळावर आली. मी काहिलीखालच्या चुलवाणाची माती सारवून घेत हुते.

मी म्हटलं, "दंडाचं पुस्तक काढ."

"दंड नाही, आजी."

"मग नोटीस?"

"नोटीसपण नाही."

"मग आलीस कशाला? सरकारचं माणूस मोकळ्या हातानं येत न्हाय."

"मी सरकारची न्हवं, आजी. मास्तरीण हाय," असं आपल्यागत बोलली आन् हसली. मला राग आला, खरं बसायला पोतं दिलं.

तिचं म्हणणं साधं. शाळेच्या भिंतीवर तिनं हवा मोजायची पेटी लावलीया. वारं आपल्याकडनं शाळेकडं गेलं की पेटीतला आकडा चढतोय. ती वीटभट्टीवर जाती, गॅरेजात जाती, गुऱ्हाळावर जाती. कुणाला काम बंद करा म्हणत न्हाय. म्हणती, "जिथं काम चालतं तिथल्या लोकांनीच धूर कमी करायचा. मी सांगितलं तर चार दिवस ऐकतील. शेजारच्या मालकानं केलेलं दिसलं तर ईर्ष्येनं करतील."

मी म्हटलं, "आकड्याला काय, आकडा जत्रेतबी चढतोय."

तिनं वाद घातला न्हाय. उठली, ओढणी कमरेला बांधली आन् बायकांच्या संगं अंगणातलं, गेल्या सालच्या रस काढलेल्या उसाचं चिपाड उलटाय लागली. तासभर. हाताला कुसं लागली तरी थांबली न्हाय. भाषण केलं असतं तर मी हाकलून दिली असती. काम करणाऱ्या माणसाला हाकलता येत न्हाय, तिथं मी फसले.

मग मी चिपाडासाठी पत्र्याचं छप्पर घातलं. ओलं चिपाड धूर लई करतंय, वाळलेलं निर्मळ जळतंय, हे मला मॅडमनं शिकवायला नको हुतं. धुराडं पाच हात उंच केलं. दुसरं जळण बंद केलं. आन् बोर्ड लावला. बोर्ड मॅडमनं मागितला, म्हणली, "पहिला बोर्ड तुमचा लागला की बाकीचे येतील, आजी. तुमच्या शब्दाला वजन आहे." मला ते ऐकायला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दुसरं जळण म्हंजे काय, ते तू आता इचारशील. थांब.

त्या मॅडमनं एक फारम दिला. फुडल्या रविवारी, एकवीस तारखेला, तालमीच्या हॉलमध्ये शहरातनं छातीचा डॉक्टर येणार हाय. चुलवाणाच्या तोंडाशी बसून ज्यांनी ज्यांनी जळण सारलंय त्या सगळ्यांची फुकट तपासणी. मालकांनी नावं लिवून द्यायची. फारमात तीन रकानं. नाव. किती हंगाम. काय जाळलं.

मी दोन नावं लिवली, गेल्या साली बसत हुती ती दोन माणसं. काय जाळलं म्हणून त्यांच्याफुडं लिवलं 'चिपाड'. तुझ्या नवऱ्याचं नाव लिवलं न्हाय. राधानगरीला असत्यात, एवढ्या लांबनं कशाला त्यास्नी तरास, असं मी माझ्याच मनाला सांगितलं. मन ऐकलं. मालकीणबाईंचं सगळीच ऐकत्यात.

परवा शुक्रवारी नदीकडच्या नऊ गुऱ्हाळांचं मालक माझ्या नव्या छपराखाली जमलं. मॅडम हुती, तिची कॉलेजची चार पोरं हुती. आपली रीत तुला म्हाईत हाय, गुऱ्हाळावर आलेल्याला रस आन् गरम गूळ खायला घातल्याबिगार सोडायचं न्हाय, मग तो पावणा असू दे न्हायतर वाट चुकलेला. पळसाच्या पानावर सगळ्यास्नी गूळ दिला. खात्यात, बोटं चाटत्यात, माझ्या बोर्डाकडं बघत्यात. सगळं ब्येस चाललं हुतं.

मॅडम म्हणली, "आजी, तुम्हीपण घ्या की."

तवा गोमटेश बोलला. गोमटेश पाटील, आपल्या वरच्या अंगाचं गुऱ्हाळ त्यांचं, तोंडाला कवाच लगाम न्हाय. म्हणला, "त्या कशाला खात्यात! आक्कांच्या घरात माझा गूळ असतोय. चार वर्षं झाली, दिवाळीची ढेप माझ्याकडनं जाती. आक्का, बोर्ड लावा, खरं माझं गिऱ्हाईक तोडू नका!"

सगळी हसली. मीबी हसले. एक जण म्हणला, "आचारी आपल्या हातचं जेवत न्हाय, तसं असंल." परत हसली.

मॅडम तेवढी हसली न्हाय. तिनं पान खाली ठेवलं. म्हणली, "आजी, खरंच? स्वतःच्या गुऱ्हाळाचा गूळ तुम्ही का खात नव्हता?"

मला चार उत्तरं सुचली. साखर हाय म्हटलं असतं, डॉक्टरनं बंद केलाय म्हटलं असतं. मी दुसऱ्या माणसाला तोंड उघडायच्या आत उत्तर देणारी बाई हाय, तुला म्हाईत हाय. काहिलीत पाक रटरटत हुता, गुळव्या फावडं मारत हुता, आन् ही नऊ माणसं माझ्या तोंडाकडं बघाय लागली.

मी म्हटलं, "कारण त्याच्या खाली काय जळतंय ते मला म्हाईत हुतं."

हौसा, रबर जाळलं मी. फाटकी टायरं आन् चप्पल करणाऱ्यांकडचं तळाचं तुकडं. टेम्पो भरून आणायची. मोप धूर, काळा, तेलकट. पाकावर त्याचा वास बसतोय. बाहेरच्याला कळत न्हाय, वेलदोड्यानं झाकतोय. मला कळतोय. म्हणून घरात गोमटेशचा गूळ. लोकास्नी तो इकत हुते आन् पोरास्नी हा घालत हुते.

मी तसं बोलल्यावर खालच्या अंगाचा मालक म्हणला, "आक्का, घरातलं घरात ठेवायचं असतंय. बाहेरची माणसं बसल्यात."

मी म्हटलं, "तुझ्या शेडामागं टायरांचा डोंगर हाय, तो काय पोरास्नी झोपाळं बांधायला आणलायस?"

"मी बोर्ड न्हाय लावला."

"मी लावलाय. म्हणून बोलतेय."

तो उठून गेला. आणखी दोघं त्याच्या मागनं गेली.

मग मॅडमनं हळूच इचारलं, "तेव्हा चुलवाणाशी कोण बसायचं, आजी?"

मी म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा."

"यादीत आहेत?"

"न्हाईत."

तिनं फारम फुडं केला. पेन दिलं. शाणी हाय.

आता तुला सगळं सांगते. मधी थांबले तर फुडं व्हणार न्हाय.

कोरोना उठल्यावरच्या हंगामात डिसेंबरात अवकाळी पाऊस आला, आठवतंय? दोन दिवस. अंगणातलं सगळं चिपाड भिजलं. ऊस तोडून पडलेला, रस काढून टाकीत भरलेला. चुलवाण पेटंना. रस आंबाय लागला. मी सम्राटला टेम्पो घेऊन पाठवलं आन् ते रबर आणवलं. बाळासो म्हणलं, "आक्का, ह्ये जळण न्हवं." मी सगळ्यांफुडं म्हटलं, "तुम्हाला कळतंय का मला? सारा म्हटलं की सारा." त्यांनी तोंडाला ओला टावेल बांधला आन् सारलं.

एक दिवसाचं काम हुतं ते. मीच त्येचं तीन हंगाम केलं. कारण रबर भडकतंय लवकर, काहिलीतलं आधण झटक्यात शिजून उतरतंय, आन् वाळलेलं चिपाड भट्टीवाल्याला इकता येतंय. पाऊस एकदाच आलता, हौसा. बाकीचा सगळा माझा हावरटपणा.

तू एकदा धुणं घेऊन आलतीस. म्हणलीस, "आक्का, ह्यांच्या शर्टाला रबराचा वास कसा गं येतोय? धुऊन जाईना." मी म्हटलं, "दुपारी पंक्चरवाल्याच्या टपरीवर बिड्या फुकत बसत्यात, दुसरं काय." ते मी जाग्यावर रचलं. इचारसुदीक करावा लागला न्हाय.

बाळासोंनी बिडी मोठ्या पुरात सोडली. आपण सगळी शाळेत ऱ्हायला हुतो, आठ दिवस. तितं एका खोलीत वीस माणसं, बारकी पोरं. त्यांनी बंडल काढलं आन् पायरीवरनं पाण्यात टाकलं. मी तितं हुते. मी बघितलंय. "सुटली बघा, आक्का," म्हणलं. त्याच्यानंतर त्यांच्या हातात मी बिडी बघितली न्हाय. तुला सांगायचं त्यांनी ठेवून दिलं हुतं, म्हणलं, हौसाला आधी खरं वाटणार न्हाय, सा महिनं जाऊ देत. मग कुणीच सांगितलं न्हाय.

तू संयोगिताच्या बाळंतपणाला राधानगरीला गेलतीस तवा त्यांची छाती भरली, मी दवाखान्यात न्हेलं. डॉक्टरनं त्यास्नी इचारलं, "काय काम करता? धूर कशाचा असतो?" त्यांनी तोंड उघडलं. त्याच्या आत मी म्हटलं, "गुऱ्हाळात. चिपाडाचा. खरं बिडी लई वढत्यात."

डॉक्टरनं त्यांच्याकडं बघितलं. बाळासो खाली फरशीकडं बघत म्हणलं, "व्हय. बिडी."

डॉक्टरनं लिवून घेतलं. आजबी त्या कागदावर तेच हाय.

बाहेर पायऱ्या उतरताना ते थांबलं. मला वाटलं आता बोलत्यात. म्हणलं, "आक्का, हौसाला रबराचं सांगू नगासा. तिला पटणार न्हाय, भांडंल तुमच्याशी. माझ्यापायी दोघी बहिणीत नको." दम लागलेला, तरी तेवढं बोललं.

आन् त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्यास्नी चारचौघात म्हटलं, "बिड्या वढून छाती घालवून घेतलीसा, उद्यापासनं येऊ नका." घरच्या पावण्याला असं कुणी बोलत न्हाय. तू बाळंतपण उरकून परत आलतीस, त्याच दिवशी गाठोडं बांधलंस आन् त्यास्नी घेऊन संयोगिताकडं गेलीस. तुला वाटलं मी त्यास्नी कामाला उपयोग न्हाय म्हणून काढलं. तसं न्हाय. त्यांचं खोकणं मला ऐकवत न्हवतं. रोज काहिलीपाशी उभी ऱ्हायचं आन् खालनं ते ऐकायचं. म्हणून काढलं. हे काय कमी वाईट न्हाय, खरं जे हाय ते हे हाय.

त्यांच्या मागनं दोघं बसवली, आन् गेल्या सालीबी रबरच जाळलं. मी छप्पर घालावं म्हणून मास्तरणीला चिपाड उलटावं लागलं.

तर शुक्रवारी फारमात तिसरं नाव लिवलं. बाळासो. तीन हंगाम. काय जाळलं, तिथं 'रबर' लिवलं. मग वरच्या दोघांफुडचं 'चिपाड' खोडलं आन् तितंबी तेच लिवलं. मॅडमच्या पोरानं फोटू काढाय मोबाईल वर केला, तिनं त्येचा हात खाली केला.

ऱ्हायलेल्या सा जणांनी रबर जाळणार न्हाय म्हणून सही केली. गोमटेश जाताना म्हणला, "आक्का, माझी चेष्टा अंगाशी आली. मला म्हाईत न्हवतं." मी म्हटलं, "म्हाईत नव्हतं म्हणून तर बोललास." सम्राट दोन दिवस माझ्याशी धड बोलत न्हाय. म्हणतोय आता गुळाचं नाव गेलं, पेठेत बातमी पोचली. पोचू दे. मी खाल्ला न्हाय तो गूळ लोकांनी तरी का खावा.

आता कामाचं. हे पत्र सम्राट बुधवारी राधानगरीला येतोय त्येच्या हातनं पाठवते. रविवारी सकाळी लवकरच्या एसटीनं बाळासोंना घेऊन ये. जुना दवाखान्याचा कागद आण. त्या कागदावर मी लबाडी लिवून घेतली हाय, म्हणून संगं दुसरा कागद देते, तो डॉक्टरच्या हातात दे. त्यात असं लिवलंय, तू वाचून बघ:

'बाळासो माझ्या गुऱ्हाळात चुलवाणाशी बसत हुते. तीन हंगाम रबर आन् टायर जाळलं. मी सांगितलं म्हणून. बिडी त्याच्या आधी दोन वर्षं सोडली हुती. मागच्या दवाखान्यात मी खोटं सांगितलं. तानाबाई, गुऱ्हाळाची मालकीण.' खाली सही हाय, मॅडमची साक्षीला सही हाय.

त्यानं औषध बदलंल का न्हाय, ते मला सांगता येत न्हाय. ते डॉक्टरचं काम. खरं त्याला खरं म्हाईत पायजे.

आन् खिशं हुडकायचं आजपासनं बंद कर. त्या खिशात काय सापडणार न्हाय. हे पत्र वाचून झालं की उठ आन् पोरगीला त्यांच्या मांडीवर दे. त्यांच्या छातीचं दुखणं तिला लागंबिगंल असं काय नसतंय, मी मॅडमला इचारलंय. रविवारपतोर थांबू नको. दोन वर्षं माझ्यामुळं गेली, आणखी चार दिवस तुझ्यामुळं नकोत.

त्यास्नी माझा निरोप काय देऊ नको. आक्कानं माफी मागितलीया असं तर मुळीच सांगू नको. ते लगेच 'असू दे, असू दे' म्हणत्यात, आन् मला ते ऐकायचं न्हाय.

मी तालमीच्या दारात आठला असते. माझ्याशी बोलायचं नसंल तर सरळ आत जा, मी हाक मारणार न्हाय. नंतर कवातरी 'अशी कशी गं वागलीस' म्हणून इचारशील, तर आत्ताच सांगते. जे हुतं ते वर लिवलंय. त्याच्या पलीकडं माझ्याकडं उत्तर न्हाय, आन् असतं तरी दिलं नसतं. ह्या गोष्टीवर मी आता फोनवर न्हाय, तोंडावर न्हाय, कुटंच एक शब्द बोलणार न्हाय.

तानाबाई